रसद तोडणारा शल्यविशारद : डॉ. चार्ल्स हगिन्स

(द्वितीय वर्ष, कला)

किल्ला घेण्याच्या दोन तऱ्हा आपल्या इतिहासात वारंवार भेटतात. एक म्हणजे सुलतानढवा. तोफा डागून तट फोडायचा आणि आत घुसायचे. दुसरी तऱ्हा संथ, पण तितकीच परिणामकारक. वेढा घालून किल्ल्याची रसद तोडायची. दाणागोटा, दारूगोळा आत जाऊ द्यायचा नाही, म्हणजे आतला शत्रू आपोआप नरम येतो. कर्करोगाशी झुंजणाऱ्या वैद्यकाकडे विसाव्या शतकाच्या पहिल्या चार दशकांत मुख्यतः पहिली तऱ्हाच होती. गाठ शस्त्राने कापून काढायची, नाही तर क्ष-किरणांनी वा रेडियमने ती जाळून टाकायची. पण रोग एकदा गाठीबाहेर पडून हाडापर्यंत पोचला, की ही दोन्ही शस्त्रे बोथट होत. अशा सर्वत्र पसरलेल्या कर्करोगालाही रसद लागते, ती कोठून येते हे शोधता येते आणि ती तोडताही येते, हे ज्याने मोजमाप करून जगाला पटवून दिले, त्या डॉ. चार्ल्स ब्रेंटन हगिन्स यांचे चरित्र मी या लेखात थोडक्यात मांडणार आहे.

मी इतिहासाचा विद्यार्थी. वैद्यकाशी माझा संबंध केवळ वाचनापुरता. परंतु लढवय्ये, मुत्सद्दी आणि संत यांच्या चरित्रांइतकेच एका शल्यविशारदाचे चरित्रही उद्बोधक असू शकते, असे मला हे सारे वाचताना वाटले. म्हणून हा प्रयत्न.

कॅनडाच्या पूर्व टोकाला अटलांटिक महासागराला लागून नोव्हा स्कोशिया नावाचा प्रांत आहे. त्या प्रांतातील हॅलिफॅक्स या बंदरात २२ सप्टेंबर १९०१ रोजी चार्ल्सचा जन्म झाला. वडील औषधविक्रेते होते. त्याच प्रांतातील ॲकेडिया या लहानशा विद्यापीठातून १९२० साली चार्ल्स बी. ए. झाला. त्या वेळी त्याचे वय पुरते एकोणीसही नव्हते! ज्या वयात आपण द्वितीय वर्षाच्या चाचणी परीक्षांची काळजी करीत बसतो, त्या वयात हा मुलगा पदवी घेऊन अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या वैद्यक महाविद्यालयात दाखल झाला आणि १९२४ साली, बाविसाव्या वर्षी, डॉक्टर होऊन बाहेर पडला.

पुढची दोन-तीन वर्षे त्याने मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयात शस्त्रक्रियेचे शिक्षण घेतले. तेथे शस्त्रक्रियागृहात काम करणाऱ्या मार्गारेट वेलमन या परिचारिकेशी त्याची ओळख झाली आणि १९२७ साली दोघांचा विवाह झाला. त्यांना एक मुलगा व एक मुलगी झाली. मुलगा पुढे वडिलांप्रमाणेच शल्यविशारद झाला.

विवाहाच्याच वर्षी शिकागो विद्यापीठात नव्याने उभ्या राहिलेल्या वैद्यकीय विभागात हगिन्स यांची नेमणूक झाली. पुढे सारे आयुष्य त्यांनी याच विद्यापीठात काढले. शस्त्रक्रिया विभागाचे प्रमुख डॉ. डॅलस फेमिस्टर यांना मूत्ररोगांकडे पाहणारा एक माणूस हवा होता. ते काम त्यांनी या तरुणावर सोपवले. हगिन्स यांनी या विषयाचे खास शिक्षण घेतलेले नव्हते. त्यांनी ग्रंथ समोर ठेवले, ते वाचून काढले आणि कामाला लागले. आपल्यापैकी पुष्कळांना मनाजोगता विषय मिळत नाही, जागा जेथे रिकामी असेल तेथे नाव घालावे लागते. हगिन्स यांनाही मूत्ररोगशास्त्र असेच वाट्याला आले होते, आणि पुढे त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते याच विषयातल्या कामासाठी.

पहिली काही वर्षे त्यांनी एका विलक्षण प्रश्नावर काम केले. मूत्राशयाच्या आतल्या अस्तराचा तुकडा शरीरात दुसरीकडे स्नायूंमध्ये रोवला, तर त्याच्याभोवती चक्क हाड तयार होते, असे त्यांना प्रयोगात दिसले. १९३१ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. हाड कसे बनते याचा विचार करता करता ते फॉस्फटेज नावाच्या द्रव्याकडे वळले. फॉस्फटेज हे एक एंझाइम आहे. एंझाइम म्हणजे शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणारे द्रव्य. दुधाला विरजण लावले की दही होते, तशा क्रिया घडवणारे, असे ढोबळमानाने म्हणता येईल. याच काळात ते युरोपात जाऊन आले. लंडनमध्ये रॉबिसन आणि बर्लिनमध्ये वारबुर्ग या नामवंत जीवरसायनशास्त्रज्ञांच्या सहवासात त्यांनी रसायनाची दृष्टी मिळवली. शस्त्रक्रिया करणारा माणूस परीक्षानळी हाती घेऊन बसतो, हे त्या काळी काहीसे नवलाचे होते. पण हाड, फॉस्फटेज आणि मोजमाप या तिन्ही गोष्टी दहा वर्षांनी एका ठिकाणी येऊन मिळणार होत्या.

आता ज्या रोगाशी हगिन्स यांचे नाव जोडले गेले आहे, त्याची ओळख करून घेतली पाहिजे. पुरुषाच्या शरीरात मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रमार्गाला वेढून बसलेली अक्रोडाएवढी एक ग्रंथी असते. तिला प्रोस्टेट म्हणतात. शास्त्रीय मराठीत तिला अष्ठीला ग्रंथी असे नाव आहे. वीर्यातील द्रवाचा काही भाग ही ग्रंथी तयार करते. उतारवयात पुष्कळ पुरुषांत ती वाढते आणि लघवीला अडथळा होतो. ही वाढ साधी असते. परंतु काही जणांत त्याच ग्रंथीत कर्करोग उद्भवतो. तो बाहेर पडला की प्रथम ओढ घेतो ती हाडांकडे. पाठीचा कणा, कंबर, मांड्यांची हाडे यांत त्याची ठाणी बसतात, आणि तेथे असह्य वेदना सुरू होतात.

या रोगाला आणखी एक वेढा असतो, तो लाजेचा. माझे एक चुलत आजोबा कंबर धरली म्हणून वर्षभर शेकत बसले होते. निरगुडीचा पाला झाला, तेल चोळून झाले, वाताचे चूर्ण झाले. लघवीचा त्रास त्याच्याही आधीपासून होता, पण तो त्यांनी मुलांना सांगितला नाही, सुनांना सांगण्याचा तर प्रश्नच नव्हता. तालुक्याला नेले तेव्हा रोग मणक्यांत पोचलेला होता. अशी घरे पुष्कळ असतील. म्हणून हगिन्स यांचे संशोधन केवळ परदेशातील एक वैज्ञानिक वार्ता आहे, असे मला वाटत नाही.

१९४० पूर्वी शिकागोच्या रुग्णालयात या अवस्थेला पोचलेले जे वृद्ध येत, त्यांना मॉर्फिनसारखी वेदनाशामके देण्यापलीकडे डॉक्टरांच्या हाती फारसे काही नसे. कर्करोगाच्या पेशी एकदा बेबंद झाल्या म्हणजे त्या शरीराचे कोणतेच नियम पाळत नाहीत, आपल्या आपण वाढत राहतात, असा समज वैद्यकात दृढ होता. हगिन्स यांनी धक्का दिला तो या समजाला.

त्यांनी सुरुवात मात्र कर्करोगापासून केलीच नव्हती. निरोगी प्रोस्टेट ग्रंथी काय स्रवते, किती स्रवते आणि कशामुळे स्रवते, एवढाच त्यांचा प्रश्न होता. त्यासाठी त्यांनी कुत्र्यांवर एक कौशल्याची शस्त्रक्रिया बसवली. मूत्रमार्गापासून प्रोस्टेट अशा रीतीने वेगळी करायची, की तिचा स्राव लघवीत न मिसळता स्वतंत्रपणे गोळा व्हावा. मग महिनोन् महिने तो स्राव मोजायचा. असे दिसले की वृषणे काढून टाकली की स्राव आटतो आणि ग्रंथी आकसते. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हॉर्मोन टोचले की ती पुन्हा भरते आणि स्राव सुरू होतो. स्त्री-हॉर्मोन दिले की पुरुषी हॉर्मोनचा परिणाम झाकोळतो. टेस्टोस्टेरॉन शुद्ध स्वरूपात वेगळे झाले होते १९३५ साली. म्हणजे हे प्रयोग फार आधी कोणाला करताच आले नसते.

शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्यांना यातले निम्मे ठाऊक असते. खोंड वेळेवर बडवला नाही तर तो औताला नीट चालत नाही, मारकुटा होतो, त्याची मान आणि वशिंड भरत जाते. बडवला की रग उतरते आणि तो कामाचा बैल होतो. वृषणांचा अंमल सगळ्या अंगावर चालतो, ही गोष्ट मानवाने जनावरे पाळायला लागल्यापासून पाहिली आहे. बडवलेल्या जनावरांत प्रोस्टेट ग्रंथी लहान राहते, अशी नोंद अठराव्या शतकात जॉन हंटर या इंग्लंडमधील शल्यविशारदाने केली होती. १८९६ साली ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन या डॉक्टरांनी स्तनाचा कर्करोग बळावलेल्या एका स्त्रीची अंडाशये काढून तिची गाठ विरघळलेली पाहिली होती. पण तेव्हा हॉर्मोन हा शब्दही रूढ नव्हता. असे का घडते, कोणाच्या बाबतीत घडेल आणि किती काळ टिकेल, हे सांगणारे शास्त्र मागे उभे नव्हते.

आता योगायोग पाहा. पाळीव प्राण्यांपैकी कुत्रा हा असा प्राणी आहे की म्हातारपणी माणसाप्रमाणे त्याच्याही प्रोस्टेटमध्ये आपोआप गाठी होतात. हगिन्स यांच्या प्रयोगशाळेत काही म्हाताऱ्या कुत्र्यांना अशा गाठी निघाल्या. नेमक्या मोजमापाच्या मध्ये येणाऱ्या या गाठी प्रारंभी त्यांना अडचणीच्या वाटल्या. परंतु लवकरच त्यांच्या ध्यानात आले की खरा प्रश्न येथेच आहे. निरोगी ग्रंथी जर हॉर्मोनवर जगते, तर तिच्यातून उपजलेली गाठ कशावर जगते? त्यांनी त्या कुत्र्यांची वृषणे काढली. काही दिवसांत गाठी आकसू लागल्या. स्त्री-हॉर्मोन देऊनही तेच झाले. त्यानंतर गाठी असलेले कुत्रे ते मुद्दाम शोधून आणू लागले.

कुत्र्यावरून माणसावर येताना एक अडचण होती. माणसाच्या हाडात दडलेला रोग कमी झाला की वाढला, हे कळणार कसे? येथे त्यांचे जुने फॉस्फटेज उपयोगी पडले. प्रोस्टेट ग्रंथीत ॲसिड फॉस्फटेज नावाचे एंझाइम भरपूर असते, हे १९३५ साली जर्मनीत आढळले होते. रोग हाडांत पसरला की हे एंझाइम रक्तात उतरते व रक्तातील त्याचे प्रमाण चढते, हे १९३८ साली न्यूयॉर्कच्या गटमन दांपत्याने दाखवले होते. म्हणजे रक्ताच्या थोड्याशा नमुन्यातून रोगाची चाल ओळखण्याची खूण हाती आली होती. शिवाय हाडांच्या घडणीशी संबंधित असलेले दुसरे, अल्कलाइन फॉस्फटेज हगिन्स यांच्या जुन्या परिचयाचे होते. दोन्ही मोजले म्हणजे गाठ काय करते आहे आणि हाड काय करते आहे, हे दोन्ही कळत होते.

क्लॅरेन्स हॉजेस या तरुण सहकाऱ्याबरोबर त्यांनी हाडांपर्यंत रोग पसरलेल्या रुग्णांवर उपचार सुरू केले आणि १९४१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. वृषणे काढल्यावर रक्तातील ॲसिड फॉस्फटेज झपाट्याने उतरत होते. स्त्री-हॉर्मोनच्या इंजेक्शनानेही ते उतरत होते. पुरुषी हॉर्मोन टोचले की ते पुन्हा चढत होते. आणि हे केवळ आकड्यांत नव्हते. वेदनेने अंथरुणाला खिळलेल्या कित्येक रुग्णांच्या वेदना थोड्याच दिवसांत थांबल्या. त्यांना भूक लागू लागली, वजन वाढले, काही जण उठून चालू लागले. ज्या अवस्थेत डॉक्टर हात टेकत असत, त्या अवस्थेतून माणसे माघारी येत होती. पेशी बेबंद झाल्या तरी त्यांची जुनी भूक सुटलेली नव्हती. त्या ज्या ग्रंथीतून उपजल्या, तिच्याप्रमाणेच पुरुषी हॉर्मोनच्या आश्रयाने जगत होत्या.

मला या कथेतील सर्वांत अवघड जागा येथे वाटते. रसद तोडायची म्हणजे नेमके काय करायचे? माणसाचे वृषण काढायचे. रोग्याला जगणे मिळणार होते, पण ज्याला तो आपले पुरुषपण म्हणतो त्याची किंमत देऊन. कामेच्छा जाते, अंगात उष्णतेच्या लाटा येतात, स्नायूंचे बळ कमी होते, कालांतराने हाडे ठिसूळ होतात. आपल्याकडे तर 'खच्ची' हा शब्द हिणवण्यासाठीच वापरला जातो. एखाद्या म्हाताऱ्या माणसाला हे समजावून सांगणे कोणत्याही देशात सोपे नसणार. तरीही त्या रुग्णांनी ते स्वीकारले. वेदनेच्या जागी स्वस्थ झोप मिळते, नातवंडांजवळ बसता येते, आपल्या पायांनी चालता येते, हे त्यांना अधिक मोलाचे वाटले असले पाहिजे. पुरुषपण कशात असते, या प्रश्नाचा विचार आपल्या समाजानेही एकदा मोकळेपणाने करायला हरकत नाही.

शस्त्रक्रिया नको असेल तर दुसरा मार्गही उपलब्ध झाला. १९३८ साली लंडनमध्ये चार्ल्स डॉड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्टिलबेस्ट्रॉल नावाचे कृत्रिम स्त्री-हॉर्मोन तयार केले होते. ते स्वस्त होते आणि तोंडाने घेता येत होते. पसरलेला कर्करोग गोळी घेऊन मागे हटवता येतो, ही त्या काळात जवळजवळ अविश्वसनीय वाटणारी गोष्ट हगिन्स यांनी दाखवली. या गोळीचे दोषही पुढे उघडकीस आले. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत झालेल्या मोठ्या तुलनात्मक चाचण्यांतून १९६० च्या दशकात असे दिसले की मोठ्या मात्रेत ती घेणाऱ्यांत हृदयविकाराने व रक्ताच्या गुठळ्यांनी होणारे मृत्यू वाढतात. त्यामुळे तिचा वापर पुढे जपून होऊ लागला.

या उपायाने रोग समूळ जातो, असा डांगोरा हगिन्स यांनी पिटला नाही. वृषणे काढलेल्या पहिल्या एकवीस रुग्णांचा हिशेब त्यांनी पुढे जगापुढे मांडला. त्या सर्वांचा रोग फार पुढे गेलेला होता. त्यांपैकी बारा वर्षांहून अधिक काळ जगले ते केवळ चार. बहुतेकांत काही काळाने रोग पुन्हा डोके वर काढत होता. यशाबरोबर अपयशाचा आकडाही तितक्याच स्पष्टपणे सांगणे, हे मला त्यांच्या थोरवीचे लक्षण वाटते.

पण रोग परत का येत होता? किल्ल्याला चोरवाटही असते. मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथीसुद्धा थोडेफार पुरुषी हॉर्मोन तयार करतात. ती चोरवाट बंद करावी म्हणून १९४५ साली हगिन्स आणि विल्यम स्कॉट यांनी या दोन्ही ग्रंथी काढण्याचा प्रयत्न केला. परंतु या ग्रंथींशिवाय माणूस जगत नाही आणि त्यांची उणीव भरून काढणारे औषध तेव्हा नव्हते. प्रयत्न थांबवावा लागला. कॉर्टिसोन हे औषध हाती आल्यावर १९५१ च्या सुमारास त्यांनी तीच शस्त्रक्रिया पुन्हा सुरू केली आणि ती स्तनाच्या कर्करोगाने पीडित स्त्रियांपर्यंतही नेली. काही स्त्रियांना तिचा मोठा दिलासा मिळाला, काहींना मुळीच नाही. हा फरक का पडतो, हा नवा प्रश्न त्यातून उभा राहिला.

त्याच वर्षी, म्हणजे १९५१ साली, बेन मे नावाच्या अमेरिकन उद्योगपतीच्या देणगीतून शिकागो विद्यापीठात कर्करोग संशोधनाची प्रयोगशाळा उभी राहिली आणि हगिन्स तिचे संचालक झाले. सभा-समित्यांत रमण्यापेक्षा स्वतःच्या हातांनी प्रयोग करणे त्यांना आवडे. सहकारी मोजके असावेत आणि प्रत्येकाने रोज बाकावर बसून काम करावे, असा त्यांचा शिरस्ता होता. संगीतात त्यांना बाख आणि मोत्सार्ट प्रिय होते.

याच प्रयोगशाळेत एल्वूड जेन्सन या रसायनशास्त्रज्ञाने वरील प्रश्नाचे उत्तर शोधले. जेन्सन यांनी स्त्री-हॉर्मोनला किरणोत्सर्गी हायड्रोजनची खूण लावली आणि ते उंदरांच्या शरीरात कोठे जाते याचा माग काढला. १९५८ च्या सुमारास त्यांना असे आढळले की गर्भाशयासारख्या ठरावीक अवयवांतच ते धरून ठेवले जाते. कारण त्या पेशींत हॉर्मोनला पकडणारे एक प्रथिन असते. त्याला ग्राही म्हणतात. हॉर्मोन ही किल्ली आणि ग्राही हे कुलूप. किल्ली सगळ्या गावभर फिरते, पण जेथे तिचे कुलूप आहे तेथेच दार उघडते. ज्या स्त्रीच्या गाठीत हे कुलूप आहे तिलाच हॉर्मोन तोडण्याचा उपयोग होतो, ज्या गाठीत ते नाही तिला होत नाही. १९६० च्या दशकाच्या अखेरीस प्रोस्टेटमधील पुरुषी हॉर्मोनच्या ग्राहीचाही शोध लागला. त्यात याच प्रयोगशाळेतील शुत्सुंग लिआओ यांचा मोठा वाटा होता.

१९६६ साली हगिन्स यांना वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. मूळ शोधानंतर पंचवीस वर्षांनी! त्यांच्याबरोबर ते विभागून मिळाले पेटन राउस यांना. कोंबड्यांतील एक कर्करोग विषाणूमुळे होतो, हे राउस यांनी १९११ साली दाखवले होते. मान्यता मिळाली तेव्हा त्यांचे वय सत्त्याऐंशी होते. पंचावन्न वर्षे थांबलेल्या राउस यांच्या शेजारी पंचवीस वर्षे थांबलेले हगिन्स भाग्यवानच म्हटले पाहिजेत. १९६९ साली त्यांनी संचालकपद सोडले आणि ते जेन्सन यांच्याकडे आले. १९७२ ते १९७९ या काळात ज्या ॲकेडिया विद्यापीठातून ते बी. ए. झाले होते त्याचे ते कुलपती होते. प्रयोगशाळेची वाट मात्र त्यांनी उतारवयातही सोडली नाही. १९८३ साली पत्नी मार्गारेट यांचे निधन झाले. १२ जानेवारी १९९७ रोजी शिकागो येथे वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी डॉ. हगिन्स यांची प्राणज्योत मालवली.

त्यांच्या कामाची पुढची वाटचाल पाहिली म्हणजे मूळ विचार किती भक्कम होता ते कळते. शस्त्राऐवजी इंजेक्शनाने वृषणांचे काम थांबवण्याची सोय १९८० च्या दशकात झाली. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीकडून वृषणांना जो हुकूम सुटतो, तोच ही औषधे बंद पाडतात. रक्तातील ॲसिड फॉस्फटेजच्या जागी पीएसए नावाच्या प्रथिनाची चाचणी आली. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ग्राहीवरच नेम धरणारी औषधे निघाली. कुलपात दुसरीच एखादी किल्ली अडकून बसली की खरी किल्ली आत जात नाही. फ्लुटामाइड व १९९५ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले बायकॅल्युटामाइड ही अशा अडकून बसणाऱ्या किल्ल्यांची उदाहरणे होत.

पण शत्रूही गाफील नसतो. उपासमार झालेल्या काही कर्कपेशी ग्राहींची संख्याच वाढवतात, म्हणजे किरकोळ हॉर्मोनवरही त्यांचे भागते. काहींत ग्राहीची घडण अशी बदलते की औषधच त्यांना अन्न ठरते. काही पेशी स्वतःपुरते हॉर्मोन स्वतःच बनवू लागतात. वृषणांचे हॉर्मोन तोडल्यावरही वाढणारा रोग हॉर्मोनच्या पलीकडे गेला, असे पूर्वी मानत. एकविसाव्या शतकात दिसून आले की त्यांतील पुष्कळ गाठी अजूनही त्याच ग्राहीवर अवलंबून असतात. मग २०१२ साली अमेरिकेत एन्झालुटामाइड हे औषध आले. ते ग्राहीला अधिक घट्ट धरते आणि त्याला पेशीच्या केंद्रकात शिरून काम करू देत नाही. त्याच्या आदल्या वर्षी, २०११ मध्ये, आबिराटेरोन आले. ते वृषणे, अधिवृक्क ग्रंथी आणि खुद्द गाठ या तिन्ही ठिकाणी पुरुषी हॉर्मोनची निर्मिती रोखते. १९४५ साली हगिन्स यांनी जी चोरवाट सुरीने बंद करण्याचा प्रयत्न केला आणि ज्यात त्यांना माघार घ्यावी लागली, ती आता गोळीने बंद होते! या औषधांनी रुग्णांचे आयुष्य वाढते. पसरलेला रोग मात्र त्यांनीही सहसा समूळ जात नाही, आणि ती दीर्घकाळ घ्यावी लागतात. लढाई संपलेली नाही. पण ती ज्या दिशेने चालली आहे, ती दिशा १९४१ सालीच ठरली होती.

डॉ. हगिन्स यांच्या चरित्रातून आपण काय घ्यावे? आपल्यापैकी बहुतेक जण वैद्यक शिकणार नाहीत. पण वाट्याला आलेले काम परके न मानता त्यात शिरणे, नजरेला दिसते ते मोजून पाहणे, अडचण म्हणून समोर आलेल्या गोष्टीतला प्रश्न ओळखणे आणि यशाबरोबर अपयशही न लपवता सांगणे, या गोष्टी कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला घेण्यासारख्या आहेत. आणि आपल्या गावाकडच्या माणसांसाठी याहून साधी एक गोष्ट आहे. उतारवयात लघवीची तक्रार सुरू झाली, कंबर अकारण दुखत राहिली, तर ते वयाचे भोग म्हणून सोडून देऊ नये. त्यात लाजण्यासारखे काही नाही. घरातील शिकलेल्या मुलाने वा मुलीने हा विषय स्वतः काढावा आणि वडिलधाऱ्यांना डॉक्टरकडे न्यावे. रसद तोडण्याची विद्या एका माणसाने आयुष्य वेचून आपल्या हाती दिली आहे. तिचा लाभ वेळेवर घेणे आपल्या हातात आहे.